घरचे काम, घरचे हात : धुराला भिंतीतून वाट



१४ एप्रिल जवळ आली की आपल्या वस्तीतली घरे चुन्याने उजळतात. समोरची भिंत वर्षभर टिकते. चुलीमागची भिंत मात्र पंधरा दिवसांत पुन्हा काळी होते. भिंतीवरची काजळी चुन्याखाली झाकता येते, पण तोच धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत गेलेला असतो. तिथे चुना लावता येत नाही.

घरातल्या घरात जळणाऱ्या लाकूड, गोवरी, कोळसा, रॉकेल अशा इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात दोन लाखांवर पाच वर्षांखालची बालके होती. आपल्याकडे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाच्या घरात शेगडी आली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु सिलेंडर भरून आणायला पैसे लागतात. म्हणून चहा आणि भाजी गॅसवर, पण भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, असा व्यवहार अजून कितीतरी घरांत चालू आहे. जोवर चूल आहे तोवर तिच्या धुराची सोय करणे हे आपलेच काम आहे.

धूर नळीने बाहेर काढण्याची कल्पना नवीन नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतली ‘मगन चूल’ स्वातंत्र्याच्या सुमाराची. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि गावोगाव चुली बसवून दिल्या. २००२ च्या सुमारास तो कार्यक्रम केंद्राने गुंडाळला. त्यातल्या पुष्कळ चुली मोडल्या, कारण नळी काजळीने तुंबली आणि ती साफ कशी करायची हे कोणी सांगितलेच नव्हते. चुलीचा आराखडा चांगला असून भागत नाही. धुराची वाट नीट असावी लागते, आणि ती वाट भिंतीतून जाते. ते भोक घरच्या घरी कसे पाडावे, हा या वेळचा विषय.

आपल्यापैकी कितीतरी जण गवंड्याच्या हाताखाली राबलेले आहेत. दुसऱ्यांच्या इमारती उभ्या करणाऱ्या हातांना स्वतःच्या स्वयंपाकघराची भिंत जड नाही. ज्यांनी छिन्नी कधी धरलेली नाही, त्यांनाही हे काम जमेल. घाई मात्र नको.

छतातून का नको?

ओढीच्या दृष्टीने सरळ वर जाणारी नळी सर्वांत चांगली. पण पत्र्याला किंवा कौलाला भोक पाडले की पावसाळ्यात तिथूनच गळते. छप्पर गवताचे वा पाचटाचे असेल तर एक ठिणगी घर पेटवायला पुरे. स्लॅब असेल तर त्यातली सळई तोडण्याचा विचारही करू नये. म्हणून नळी भिंतीतून बाहेर काढायची आणि बाहेरच्या बाजूने छपराच्या वर न्यायची, हा मार्ग बहुतेक घरांना सोयीचा पडतो.

बरेच लोक भिंतीबाहेर हातभर नळी काढून काम संपवतात. अशा नळीला ओढ राहत नाही. वारा तिकडून आला की धूर उलट घरात येतो आणि वारा पडला की शेजारच्या खिडकीत जातो. आपल्या घरातला धूर शेजारणीच्या घरात ढकलणे ही काही सुधारणा नव्हे. नळीचे तोंड छपराच्या वर किमान दोन-तीन फूट गेलेच पाहिजे.

आधी भिंत ओळखा

एका कोपऱ्यात बोटभर गिलावा खरवडून आत काय आहे ते पाहा.

पक्क्या विटेची नऊ इंची भिंत या कामाला सगळ्यांत सोपी. साडेचार इंची भिंत पातळ असते, तिला जोराचा घाव सोसत नाही, वरची वीट निखळू शकते. पोकळ सिमेंट ब्लॉकचा पातळ पापुद्रा एका फटक्यात आत पडतो, म्हणून तिथे हातोडा फार हलका चालवावा. कोकणातला जांभा चिरा मऊ असतो, तो छिन्नीने सहज कोरला जातो.

मातीच्या भिंतीला हातोडा लावूच नये. पाणी शिंपडून भिंत ओलसर करावी आणि खुरप्याने किंवा पहारेच्या टोकाने हळूहळू कोरावे.

दगडमातीच्या जुन्या, दीड-दोन फुटी भिंतीबाबत खास सावध राहावे. अशा भिंतीत दोन्ही अंगांना दगड रचलेले असतात आणि मधल्या पोकळीत खडी-माती भरलेली असते. एक दगड काढला की ती भर वाळूसारखी घळाघळा वाहते आणि वरचे दगड अधांतरी राहतात. अशी भिंत असेल तर अनुभवी गवंडी बोलवा. तिथे मजुरीची बचत करू नका.

सिमेंट काँक्रीटचा खांब, बीम, दार-खिडकीवरचे लिंटेल यांना हात लावायचा नाही. छिन्नी मारताना सळई दिसली तर काम तिथेच थांबवावे, भोक बुजवावे आणि जागा बदलावी.

जागा कशी निवडावी?

भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि दार-खिडकीच्या चौकटीपासून दोन फूट तरी दूर राहा. तुळई किंवा बीम भिंतीवर जिथे टेकते, त्याच्या बरोबर खाली भोक नको, कारण सगळा भार तिथूनच खाली उतरतो. धुराची नळी तापते. म्हणून लाकडी वासा, तुळई, फळी, वायर आणि गॅसची रबरी नळी यांच्यापासून ती किमान दीड फूट दूर असावी.

स्विच आणि प्लग यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ आडवे भिंतीतून वायर गेलेली असते. त्या रेषांवर भोक पाडू नये. काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ड्रिल चालवायचे असेल तर शेजारून वीज घ्यावी.

मग बाहेर जाऊन पाहा. तिथे कोणाची खिडकी आहे का, खांबावरून मीटरला येणारी वायर आहे का, जाण्या-येण्याची बोळ आहे का, कपडे वाळत घालण्याची जागा आहे का? भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय छिन्नी लावू नये. चाळीत किंवा सोसायटीत राहत असाल तर आधी रीतसर परवानगी घ्यावी.

आणि सगळ्यांत पहिल्यांदा विचारावे ते चुलीपुढे बसणाऱ्या बाईला. तिचा हात कुठे जातो, पातेले कुठे उतरवते, लेकरू कुठे खेळते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. तिला न विचारता बसवलेली नळी चार महिन्यांत काढून ठेवली जाते.

पाईप आधी, भोक नंतर

बाजारातून पाईप आणल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. नळी चुलीच्या धुराच्या तोंडापेक्षा अरुंद नसावी. घरगुती चुलीला बहुधा तीन किंवा चार इंची नळी लागते. जस्ताच्या पत्र्याची, म्हणजे जीआयची नळी घ्यावी. पाण्याचा प्लॅस्टिकचा पाईप स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळजण तोच लावतात. तो उष्णतेने मऊ पडतो, वाकतो, पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तो कदापि वापरू नये. जुनी ॲस्बेस्टॉस सिमेंटची नळी घरात असेल तर ती करवतीने कापू नये, घासू नये, फोडू नये. तिची धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

धुराची नळी थेट सिमेंटमध्ये गाडायची नाही. नळी तापली की फुगते, निवली की आकसते, आणि सभोवतालचा गिलावा तडकतो. म्हणून भिंतीत आधी एक मोठे नळकांडे बसवायचे आणि त्यातून धुराची नळी मोकळी जाऊ द्यायची. नळी चार इंची असेल तर नळकांडे पाच इंची आणि भिंतीतले भोक सहा इंची, असा हिशेब धरावा. नळकांडे जीआयचे किंवा भाजलेल्या मातीचे चालते. विटेच्या लांबीपेक्षा, म्हणजे नऊ इंचांपेक्षा रुंद भोक पाडू नये. त्याहून लहान भोकावरच्या विटा एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात. भोक त्यापेक्षा मोठे झाले तर वर आधार द्यावा लागतो.

हत्यारे

एक-सव्वा किलोचा हातोडा, एक टोकदार आणि एक चपटी छिन्नी, ओळंबा, पाणसळ, टेप, खडू, थापी आणि घमेले. घण नको. हॅमर ड्रिल भाड्याने मिळाले तर काम निम्म्याने हलके होते. डोळ्यांना चष्मा हवाच, विटेची कपची डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. नाकाला एन-९५ मास्क बांधावा. विटा-दगडांची बारीक धूळ साध्या फडक्यातून आत जाते. दगडखाणीतल्या कामगारांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने. म्हणून फोडण्याच्या जागी अधूनमधून पाणी शिंपडावे. ड्रिल चालू असताना मात्र पाणी मारू नये.

प्रत्यक्ष काम

नऊ इंची विटेच्या भिंतीला हे दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

पहिले काम मध्यबिंदू ठरवण्याचे. चुलीच्या धुराच्या तोंडातून नळी सरळ दोन-तीन फूट वर जावी आणि मग भिंतीकडे वळावी. ती जिथे भिंतीला भेटेल तिथे खडूने फुली मारा. फुलीभोवती सहा इंच व्यासाचे वर्तुळ काढा.

दुसरे, तोच बिंदू भिंतीच्या बाहेरच्या अंगाला उतरवा. लांब टोकाचे ड्रिल असेल तर फुलीवर आरपार एक बारीक भोक पाडा. ड्रिलचे टोक बाहेरच्या बाजूला किंचित वर राहू द्या. ड्रिल नसेल तर गवंड्याची जुनी युक्ती वापरावी. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी खिडकीतून बाहेर न्यावी. आत पाण्याची पातळी फुलीला लागली की बाहेरही पाणी त्याच उंचीला थांबते. मग खिडकीच्या एकाच कडेपासून आत आणि बाहेर सारखे अंतर मोजावे. दोन्ही मापे जुळली की बाहेर फुली मारावी, त्याच्या अर्धा इंच वर दुसरी फुली मारावी आणि वर्तुळ या दुसऱ्या फुलीभोवती काढावे. धूर वर चढतो, म्हणून नळी बाहेरच्या बाजूला अर्धा इंच चढती हवी.

तिसरे, ड्रिल असल्यास वर्तुळाच्या रेषेवर जवळजवळ छिद्रे पाडा, म्हणजे भिंत रेषेबाहेर फुटणार नाही. नसल्यास चपट्या छिन्नीने रेषेवरचा गिलावा आधी कापून घ्या, नाहीतर सगळा पोपडा सुटून येतो.

चौथे, फोडायला मधून सुरुवात करा आणि कडेकडे या. छिन्नीचे टोक नेहमी वर्तुळाच्या मध्याकडे वळलेले असावे. विटेपेक्षा सांधा मऊ असतो, आधी सांधा मोकळा करावा म्हणजे वीट कमी घावात सुटते. दहा हलके घाव एका जोरदार घावापेक्षा बरे.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निम्मी जाडी आतून फोडायची आणि निम्मी बाहेरून. एकाच बाजूने आरपार गेलात तर शेवटच्या घावाला पलीकडची अख्खी वीट गिलाव्यासह उडते. बाहेर काम करताना खाली कोणी उभे राहू नये आणि लेकरांना दूर ठेवावे. शिडी दुसऱ्याने धरावी.

सहावे, भोक साफ करून चांगले भिजवा. कोरडी वीट सिमेंटमधले पाणी पिऊन टाकते आणि जोड कच्चा राहतो. एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू असा माल करून नळकांडे बसवा, बाहेरचे टोक अर्धा इंच वर ठेवा आणि सभोवताली माल दाबून भरा. सात दिवस पाणी मारा. मातीच्या भिंतीत सिमेंट न वापरता त्याच मातीत वाळू आणि भुसा मिसळून भरावे. सिमेंट मातीला धरत नाही.

सातवे, माल पक्का झाल्यावर धुराची नळी नळकांड्यातून घाला. मधली फट उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकच्या दोरीने बुजवावी. ती न मिळाल्यास माती-वाळू-भुशाचा गारा भरावा. तडकला तर पुन्हा भरता येतो. चिंधी, सुतळी, थर्माकोल किंवा फोम तिथे कोंबू नये, ते सगळे पेटते.

आठवे, बाहेर आल्यावर नळीला ‘टी’ लावावा. टीचे वरचे तोंड उभ्या नळीला जाते. खालच्या तोंडाला काढता येणारे झाकण बसवावे, काजळी आणि पावसाचे पाणी तिथे जमते आणि तिथूनच काढता येते. उभी नळी पट्ट्यांनी भिंतीला आवळून टाकावी, माथ्यावर टोपी बसवावी. टोपी आणि नळीचे तोंड यांच्यात धूर सुटेल इतकी मोकळी जागा असावी. नळी बाहेर चढती असल्यामुळे पावसाचे पाणी तिच्या पाठीवरून आत ओघळू शकते. त्याकरिता बाहेरच्या बाजूला नळीभोवती पत्र्याची चकती आवळून बसवावी आणि भोकाच्या वर गिलाव्याची छोटी पागोळी काढावी.

पारख आणि निगा

पहिले दोन-तीन दिवस जाळ बारीक ठेवावा. पेटवण्यापूर्वी चुलीच्या तोंडाशी धुमसणारी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तो तोंडावर आला तर नळी तुंबली आहे, बाहेरचे टोक छपरापेक्षा खाली आहे किंवा कुठला तरी सांधा सुटला आहे. चुलीच्या वैलावर भांडे नसेल तर ते तोंडही झाकून पाहावे, कारण उघड्या वैलातून ओढ मरते.

नळी जितकी हवा बाहेर नेते तितकी घरात यायला हवी. दारे-खिडक्या घट्ट लावून चूल पेटवली की ओढ बसते. त्याच खोलीत एक्झॉस्ट पंखा लावला तर तो नळीतला धूर उलटा खाली खेचतो. दोन्ही एकदम चालवू नये. नळी लावली म्हणून खिडकी बुजवू नये.

महिन्यातून एकदा, चूल थंड असताना, टीचे झाकण काढून काजळी झाडावी. तारेच्या टोकाला काथ्या बांधला की झाला ब्रश. पावसाळ्यानंतर नळीच्या तोंडात पाखराने घरटे केले आहे का तेही पाहावे. चुलीपासून भिंतीपर्यंतची नळी लेकराच्या हाताला लागत असेल तर तिला तारेची जाळी लावावी.

शहरातल्या वाचकांसाठी

चूल नाही, आपल्याकडे गॅस गिझर आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन परिच्छेद दोनदा वाचावेत. लहानशा न्हाणीघरात गिझर पेटला की तो खोलीतलाच प्राणवायू खातो. मग जाळ अर्धवट होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते आणि दाराची कडी काढायलाही माणूस उठू शकत नाही. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. बंद मोरीत पेटवलेला तांब्याचा बंब किंवा शेकायला ठेवलेली कोळशाची शेगडी हेच करते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणे आणि फक्त गरम पाण्याचा पाईप भिंतीतून आत आणणे. त्याला सहा इंचांचे भोक लागत नाही, इंचभराचे पुरते आणि ते वर सांगितलेल्या रीतीनेच पडते. फरक इतकाच की हे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे, म्हणजे पाऊस आत येत नाही. गॅसची जोडणी मात्र स्वतः करू नये, ती जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावी. न्हाणीघराला वर उघडा झरोका असावाच. तो थंडीत कागद लावून बुजवू नये. कोणी आत गुदमरल्याचा संशय आला तर आधी दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

कधी हात थांबवावा?

सळई दिसली, भिंतीत तडा धावला, वरची वीट किंवा दगड हलू लागला, आतून पाणी पाझरले, वायर उघडी पडली, यातले काहीही झाले की काम बंद. हललेल्या विटेखाली लाकडी पाचर मारून ठेवा आणि जाणत्या गवंड्याला बोलवा. यात कमीपणा काही नाही.

सामान गोळा करायला एक बाजार, भोक पाडायला अर्धा दिवस आणि माल पक्का व्हायला एक आठवडा, एवढाच हा व्याप आहे. पावसाळ्यापूर्वी उरकले तर उत्तम, कारण ओल्या सरपणाचा धूर सगळ्यांत वाईट आणि त्याच दिवसांत खिडक्याही बंद असतात. येत्या सुट्टीच्या दिवशी निदान टेप घेऊन चुलीमागची भिंत मोजा आणि घरातल्या बाईला विचारा, नळी कुठून गेलेली तुला सोयीची पडेल?